बहुपुटी बीजांडकोश : एका रोगनामाचा इतिहास

रोगाला दिलेले नाव हे त्या रोगाविषयीच्या ज्ञानाचे सार असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. पुष्कळदा नाव ज्ञानाच्या पहिल्या पायरीवरच दिले जाते आणि पुढे ज्ञान कितीही वाढले तरी ते जागचे हलत नाही. स्त्रियांच्या ज्या विकाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बहुपुटी बीजांडकोशाचा लक्षणसमूह, हे नाव मिळाले, तो याचे ठळक उदाहरण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील शेकडा ८ ते १३ स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत स्त्रियांच्या बाबतीत त्याचे निदानच झालेले नसते. तेव्हा नावाचा प्रश्न हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे.

या विकाराशी जुळणारे एक जुने वर्णन इटालियन निसर्गशास्त्रज्ञ अँटोनियो व्हॅलिस्नेरी याने १७२१ साली केले. एका तरुण, विवाहित, काहीशा स्थूल व निःसंतान शेतकरी स्त्रीचे बीजांडकोश नेहमीपेक्षा मोठे, खडबडीत, पांढुरके व चकाकणारे असल्याचे त्याने नमूद केले. तथापि या वर्णनातून स्वतंत्र रोगाची कल्पना उदयास आली नाही. ती आली १९३५ साली, जेव्हा शिकागो येथील आयर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात रुग्ण स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मासिक पाळी बंद वा अनियमित होणे, वंध्यत्व, अंगावर पुरुषी केसांची वाढ आणि मोठे झालेले बीजांडकोश अशी लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. उपचार म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेने दोन्ही बीजांडकोशांचा पाचरीसारखा भाग कापून काढला. सातही स्त्रियांची पाळी पुन्हा सुरू झाली आणि दोघींना गर्भधारणा झाली. बीजांडकोश कापल्याने गुण येतो, त्याअर्थी रोगाचे मूळ बीजांडकोशातच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्या काळी स्वाभाविक वाटला. नावही त्याच निष्कर्षावर बेतले गेले.

वस्तुतः या नावातील दोन्ही शब्द दिशाभूल करणारे ठरले. बीजांडकोशात दिसणाऱ्या त्या 'पुटी' म्हणजे रोगजन्य गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके असतात. आणि ती वाढ का थांबते, याचे उत्तर एकट्या बीजांडकोशात सापडत नाही. आशार व तिएर या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञांनी १९२१ सालीच दाढीसारखे केस असणाऱ्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन केले होते. परंतु त्याचा बीजांडकोशाशी संबंध कोणी जोडला नाही. बर्गेन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० साली या विकाराच्या रुग्णांत रक्तातील इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण व अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य यांचा संबंध दाखवला, तेव्हा हे दोन धागे जुळू लागले. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. त्यामुळे बीजांडकोशात अँड्रोजेन अधिक निर्माण होते, व त्याला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन कमी पडते. या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो तो यामुळेच. आणि पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाच्या अंतःत्वचेचा कर्करोग होण्याची शक्यताही वाढते.

ज्ञानातील या स्थित्यंतराबरोबर उपचारही पालटले. रॉबर्ट ग्रीनब्लॅट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली क्लोमिफेन या औषधाने स्त्रीबीज मोकळे होते असे दाखवले. मग चाकूची गरज कमी झाली. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध १९९४ पासून या विकारात तपासले गेले. अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी शेकडा २७.५ व क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी शेकडा १९.१ स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. निदानाच्या कसोट्या रॉटरडॅम येथे २००३ साली ठरल्या. अनियमित बीजमोचन, अँड्रोजेनचे आधिक्य व बीजांडकोशाचे विशिष्ट रूप या तिहींपैकी दोन लक्षणे पुरेशी मानण्यात आली. म्हणजे बीजांडकोशात एकही 'पुटी' न दिसता हा रोग असू शकतो! म्हणूनच २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने नाव बदलण्याची शिफारस केली.

आयुर्वेदाच्या बाजूनेही नावाचा असाच पेच आढळतो. या विकारासाठी प्राचीन संहितांत एकच नाव शोधण्याचा प्रयत्न अलीकडे पुष्कळ झाला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. त्यांतील 'अरजस्का' हिच्यात पाळी येत नाही. परंतु तिचे कारण पित्त आहे व तीत शरीर कृश होते; स्थूलतेकडे कल असलेल्या रुग्णेचे हे चित्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दोषांनी मार्ग अडल्यामुळे आर्तव नष्ट होते असे म्हटले आहे, आणि टीकाकार डल्हण याने तेथे वात व कफ अभिप्रेत मानले आहेत. हे वर्णन अधिक जवळचे आहे. मात्र ते लक्षणाचे आहे, रोगाचे नव्हे. काश्यपसंहितेतील 'पुष्पघ्नी' हिचे गाल पुष्ट व केसाळ असतात, हे वाचून अनेकांना ओळख पटल्यासारखी वाटते. नेपाळमधील खंडित पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. पण याच श्लोकात तिला पाळी यथाकाल येते, फक्त ती निष्फळ ठरते, असे सांगितले आहे; आणि ज्या रेवतीकल्पात हा श्लोक येतो, तो अपत्ये हरण करणाऱ्या जातहारिणींविषयीचा आहे. त्या संदर्भातून एक ओळ उचलून तिला आधुनिक रोगाचे नाव देणे म्हणजे ग्रंथाचाही अर्थ गमावणे होय.

खरा संवाद नावापेक्षा विचारपद्धतीत शोधता येतो. चरकाने सूत्रस्थानात अतिपोषणाने होणाऱ्या, म्हणजे संतर्पणोत्थ, रोगांत प्रमेह व अतिस्थौल्य एकत्र गणले आहेत आणि अपतर्पण व व्यायाम यांवर भर दिला आहे. आजचे वैद्य कफ-मेद व अग्निमांद्य यांचा विचार करून आहारनियमन, बस्ती, शतावरी, शतपुष्पा, कांचनार गुग्गुळ इत्यादी योजतात ते याच परंपरेने. मात्र या औषधांवरील बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांचे व अल्प मुदतीचे आहेत; त्यांवरून लेट्रोझोलविषयी जितक्या खात्रीने बोलता येते तितक्या खात्रीने बोलता येत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही आहार-विहाराला सर्व रुग्णांच्या उपचारात स्थान दिले. तथापि कृश स्त्रीलाही हा विकार होतो, हे विसरून चालणार नाही.

बीजांडकोशावर खिळलेल्या दृष्टीने कित्येक वर्षे रुग्णेला केवळ वंध्या मानले. संतानाची इच्छा नसलेली, किंवा संतान झालेली स्त्री त्या दृष्टीला दिसलीच नाही. तिच्या रक्तातील साखर कोणी तपासली नाही. संहितेतील एका शब्दावर खिळलेली दृष्टीही तिला तितकीच पारखी होऊ शकते. स्टाइन व लेव्हेन्थल यांचे निरीक्षण खोटे नव्हते, सुश्रुताचेही नव्हते. चूक झाली ती निरीक्षणाला नाव देऊन पुढची चौकशी संपली असे मानण्यात.