सामान्य शिक्षणाची अट (अमेरिकी लिबरल आर्ट्स कॉलेजांतील)

अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजात विद्यार्थ्याचा मुख्य विषय कोणताही असो, पदवी हवी तर त्याला त्या विषयाबाहेरचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करावेच लागतात. ही अट ‘जनरल एज्युकेशन’, बोलण्यात ‘जेन-एड’, या नावाने ओळखली जाते. चार वर्षांच्या पदवीत साधारण ३२ अभ्यासक्रम असतात, दर सत्राला चार. मुख्य विषय म्हणजे ‘मेजर’ बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांवर जेन-एडचा मोठा पगडा राहतो. अर्थशास्त्र करायचे ठरवून आलेला विद्यार्थी भूशास्त्राकडे वळतो तो याच काळात. दहावीनंतर लगेच शाखा ठरवून टाकणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे जरा अवघड वाटते, पण त्या व्यवस्थेचा खरा गुण तोच आहे.

पूर्वी अशा अटीची गरजच नव्हती, कारण सगळा अभ्यास सक्तीचा होता. लॅटिन, ग्रीक, गणित आणि नीतिशास्त्र सर्वांनी शिकायचे. १८२८च्या येल अहवालाने या पद्धतीचा जोरदार कैवार घेतला. पुढे चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी निवडीचे दार जवळजवळ सताड उघडले. मोकळीक मिळाली, पण पदवीला आकार राहिला नाही. अनेकजण चार वर्षे केवळ प्राथमिक पातळीचे अभ्यासक्रम गोळा करत. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी मधला मार्ग काढला: एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार. आजही बहुतेक कॉलेजे याच आराखड्यावर चालतात.

विस्तार साधायचा कसा, यावर मात्र एकमत नाही. सर्वांत रूढ पद्धत विभागवार वाटणीची. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजात मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञाने-अभियांत्रिकी या तिन्ही विभागांतून प्रत्येकी तीन अभ्यासक्रम घ्यावे लागतात. शिवाय लेखनावर भर देणारे तीन अभ्यासक्रम, प्रयोगशाळेचे काम आणि परभाषा यांची अट आहे. याच्या अगदी उलट टोकाला ॲम्हर्स्ट आणि ग्रिनेल. तिथे विभागवार सक्ती नाही. आयोवातील ग्रिनेलमध्ये सर्वांना सक्तीचे असते ते फक्त पहिल्या सत्राचे ट्युटोरियल. ते घेणारा प्राध्यापकच मेजर जाहीर होईपर्यंत विद्यार्थ्याचा सल्लागार असतो. वरवर ही पद्धत सैल वाटते, पण कोणते विषय घ्यायचे याबद्दल विद्यार्थ्याला एका जाणत्या माणसाशी दर सत्राला बोलावे लागते. ते बोलणे नीट झाले तर कागदावरच्या सक्तीपेक्षा जास्त काम करते.

तिसरी पद्धत समान गाभ्याची: सर्वांनी तीच पुस्तके वाचायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबियात युद्धाची कारणे समजावणारा एक वर्ग सुरू झाला. त्यातूनच १९१९मध्ये ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ हा सक्तीचा अभ्यासक्रम निघाला. १९३७मध्ये त्याला साहित्याच्या अभ्यासक्रमाची जोड मिळाली. दोन्ही अजून चालू आहेत आणि व्याख्यानगृहात न होता वीसएक जणांच्या चर्चावर्गात शिकवले जातात. ग्रंथयादीवरचा वाद जुना आहे. साहित्याच्या यादीत पहिली लेखिका, जेन ऑस्टिन, यायला १९८५ साल उजाडले.

गाभा शेवटपर्यंत ताणला तर काय होते ते मेरिलँडमधील ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात दिसते. स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन यांनी १९३७मध्ये तिथे नवा अभ्यासक्रम आणला आणि मेजर ही गोष्टच काढून टाकली. चारही वर्षे सर्वांचा अभ्यास जवळजवळ एकच. गणिताच्या पहिल्या वर्षाच्या तासाला युक्लिड असतो, पण शिक्षक फळ्यावर काही सोडवून दाखवत नाही. एक विद्यार्थी उठतो, आकृती काढतो, सिद्धता मांडू लागतो. तो अडला की बाकीचे विचारतात, ही पायरी कुठल्या गृहीतकावरून आली? उत्तर सापडेपर्यंत तास पुढे सरकत नाही. रात्रीच्या सेमिनारला दोन शिक्षक बसतात, त्यांतला एक प्रश्न टाकतो आणि चर्चा विद्यार्थी चालवतात. शिक्षकांना तिथे ‘ट्यूटर’ म्हणतात आणि ते आपल्या विषयाबाहेरचेही शिकवतात. साहित्याचा माणूस प्रयोगशाळेचा तास घेतो, भौतिकशास्त्राचा माणूस ग्रीक. विद्यार्थ्यांवर लादलेली अट शिक्षकांनीही स्वतः पाळावी, हा या कॉलेजाचा मोठेपणा.

वाटणीच्या पद्धतीवरचा आक्षेप याच मुद्द्यावर आहे: तिथे शिक्षक आपल्या विषयाबाहेर पडत नाहीत. विभाग आपापले प्रास्ताविक अभ्यासक्रम पुढे करतात, ते पुढे त्याच विषयात जाणाऱ्यांसाठी रचलेले असतात आणि बाहेरचा विद्यार्थी रकाना भरून मोकळा होतो. त्यावर तोडगा म्हणून सोपे केलेले अभ्यासक्रम निघाले. ‘फिजिक्स फॉर पोएट्स’ आणि भूशास्त्राच्या अशाच वर्गासाठी ‘रॉक्स फॉर जॉक्स’ ही नावे अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळली ती त्यातून. भौतिकशास्त्र न शिकणाऱ्यासाठी ते चांगले शिकवणे हे सर्वांत अवघड काम आहे, पण ते बहुधा सर्वांत नवख्या शिक्षकाकडे जाते. गाभ्याच्या पद्धतीत छोटे वर्ग आणि पुष्कळ शिक्षक लागतात, म्हणून ती खर्चिक. वाटणीची पद्धत आहे त्याच तासांवर भागते, म्हणून तिचा प्रसार जास्त झाला. शैक्षणिक युक्तिवादाआड हे आर्थिक कारण सहसा झाकले जाते.

भारतात सोनिपतच्या अशोका विद्यापीठाने सक्तीचे पायाभूत अभ्यासक्रम ठेवले आहेत. पुण्याचे फ्लेम विद्यापीठही लिबरल एज्युकेशनच्याच वाटेवर आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत ‘ओपन इलेक्टिव्ह’ आले. ते विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरून निवडायचे असतात. म्हणजे वाणिज्यच्या विद्यार्थ्याला साहित्य किंवा विज्ञान घ्यावे लागेल. कल्पना योग्य आहे, पण स्वीकारली गेली आहे ती वाटणीची पद्धत, तिच्या जुन्या दुखण्यासह. बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी मुद्दाम रचलेला अभ्यासक्रम आणि तो शिकवायला अनुभवी प्राध्यापक मिळाले नाहीत, तर ओपन इलेक्टिव्हमधून श्रेयांक मिळतील, विषय मिळणार नाही.