मुस्लिम स्त्रीचे हक्क : ग्रंथातले आणि पदरात पडणारे

इस्लामी कायद्यातील स्त्रीच्या स्थानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व या दोन मुद्द्यांवर अडकते. प्रत्यक्षात या कायद्यात विवाह, मेहेर, घटस्फोट, पोटगी, अपत्यांचा ताबा आणि वारसा अशा अनेक बाबींचा तपशीलवार विचार आहे. या हक्कांची सिद्धता कोणी करायची, यावर स्त्रीच्या पदरात काय पडणार हे बरेचसे अवलंबून असते. या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मराठवाड्यातील एका खटल्याने दिले आहे.

कायद्याचा आधार

बीड जिल्ह्यातील नांदूरघाटसारखे गाव असो वा मुंबईतील भेंडीबाजार, मुस्लिमांचे कौटुंबिक व्यवहार व्यक्तिगत कायद्याने चालतात. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीऐवजी शरियतला मान्यता दिली. मात्र शेतजमिनीचे प्रश्न त्यातून वगळले. या कायद्यात नियमांची यादी नाही. ते नियम कुराण, हदीस आणि फिकहच्या ग्रंथांतून घ्यावे लागतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफी परंपरेचे आहेत.

निकाह आणि मेहेर

निकाह हा करार आहे. त्यासाठी वधूची संमती आवश्यक असते. मेहेर ही पतीने पत्नीला द्यावयाची रक्कम वा मालमत्ता असून तिच्यावर केवळ पत्नीचाच हक्क असतो. निकाहनाम्यात अटीही घालता येतात. व्यवहारात मात्र मेहेर अनेकदा नाममात्र ठरवला जातो, किंवा तो देणे लांबणीवर पडते. कुराणाने चार विवाहांची मुभा समान न्यायाच्या अटीवर दिली आहे. भारतात बहुतेक राज्यांत ही मुभा कायम आहे. मात्र पती सर्व पत्नींना समन्यायाने वागवत नसेल तर पत्नीला विवाहविच्छेद मागता येतो.

वारसा

सातव्या शतकात स्त्रीला वारसाहक्काचा निश्चित वाटा देणारी ही व्यवस्था होती. तरीही तो वाटा समान नाही. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो. अपत्य असल्यास विधवेला एक अष्टमांश आणि नसल्यास एक चतुर्थांश वाटा मिळतो. विधुराचा वाटा अनुक्रमे एक चतुर्थांश आणि निम्मा, म्हणजे दोन्ही वेळा दुप्पट असतो. ग्रामीण भागात भावांशी असलेले नाते तुटू नये म्हणून बहिणी हक्क सोडून देतात. ही रीत हिंदू व मुस्लिम दोन्ही घरांत आढळते.

घटस्फोट

पती तलाक देऊ शकतो. पत्नीला मेहेर वा अन्य मोबदला सोडून खुला मागता येतो, तर उभयतांच्या संमतीने मुबारात होतो. १९३९ च्या कायद्याने स्त्रीला न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला केला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे निर्वाह न करणे, क्रूरता ही त्याची काही कारणे आहेत.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी होती. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. संख्येने लहान असलेल्या या चळवळीने हा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनात आणला.

मराठवाड्यातील निकाल

पोटगीचा दावा दाखल होताच ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे’ असे पतीने लेखी उत्तरात सांगायचे आणि पत्नीचा दावा लटका पाडायचा, ही पद्धत न्यायालयांत रूढ होती. लातूरच्या दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे २००२ मध्ये या पद्धतीला चाप लावला. केवळ तसे म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्यामागे सबळ कारण हवे, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे सारे पतीने पुराव्यानिशी शाबीत करायला हवे, असे पीठाने म्हटले. मध्यस्थांची ही अट कुराणातच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा खटल्यात याच आशयाचा निर्णय दिला.

पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय झाला असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तलाकचे अन्य प्रकार मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. इजिप्तने १९२९ मध्येच एका वेळच्या तिहेरी उच्चाराला एकच तलाक मानले होते. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली.

पोटगी

१९८५ च्या शाहबानो निकालाने घटस्फोटितेची पोटगी मान्य केली. त्यावरील वादळानंतर आलेल्या १९८६ च्या कायद्याने पतीची जबाबदारी इद्दतपुरती मर्यादित केल्याचे मानले गेले. परंतु २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा अर्थ लावला. पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतच्या काळातच केली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. मुस्लिम घटस्फोटितेला सर्वसाधारण फौजदारी कायद्यानेही पोटगी मागता येते, हे १० जुलै २०२४ च्या निकालाने स्पष्ट झाले.

हक्क कागदावरून घरात

पुराव्याचे ओझे पतीवर टाकणारा नियम आज आहे. पण त्याचा लाभ न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीलाच होतो. निकाहनाम्याची प्रत स्त्रीच्या हाती असणे आणि मेहेरची रक्कम व अटी त्यात स्पष्ट लिहिलेल्या असणे, या साध्या गोष्टींवर पुढचा सारा दावा उभा राहतो. गावातला निकाह लावणारा काझी आणि मुलीचे वडील यांनी एवढी दक्षता घेतली, तर ग्रंथातला हक्क घरापर्यंत येण्याचा मार्ग बराच सुकर होईल.