सॅली, ॲन आणि एक गोटी

मंडळी, ह्या वीकांताला आधी एक सोप्पं कोडं. सॅली आणि ॲन अशा दोन बाहुल्या आहेत. सॅलीकडे एक टोपली आहे, ॲनकडे एक खोका. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. तेवढ्यात ॲन गुपचूप ती गोटी काढून आपल्या खोक्यात लपवते. आता सॅली परत आली, तिला गोटी हवी आहे. ती आधी कुठे बघेल?

टोपलीत. अर्थात! ह्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. गोटी खोक्यात आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तरीही उत्तर देताना तुम्ही ती माहिती बाजूला ठेवलीत आणि सॅलीच्या डोक्यात काय असेल, तेही चुकीचं, ते वेगळं मांडलंत. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या मेंदूची एक कॉपी आपल्या मेंदूत चालवलीत. साधारण चार वर्षांच्या मुलाला हे जमायला लागतं. मानसशास्त्रात ह्याला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात.

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ ह्या तिघांनी हे कोडं ऑटिझम असलेल्या २० मुलांना घातलं. त्यातल्या १६ जणांनी खोक्याकडे, म्हणजे गोटी खरोखर जिथे होती तिथे, बोट दाखवलं. ह्या एका निकालावर पुढची कित्येक वर्षं संशोधन उभं राहिलं. आजचा लेख त्या तिघांपैकी उटा फ्रिथ ह्या बाईंबद्दल आहे.

उटा मूळच्या जर्मनीच्या, जन्म १९४१चा. सारब्रुकनच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकायला गेल्या आणि तिथे प्रायोगिक मानसशास्त्राच्या प्रेमात पडल्या. पुढे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअट्रीमध्ये शिकायला आल्या आणि तिथे त्यांना ऑटिझम असलेली मुलं पहिल्यांदा भेटली. त्याच विषयावर १९६८ साली त्यांनी पीएचडी केली.

तो काळ कसा होता हे समजून घेतल्याशिवाय पुढचं महत्त्व कळणार नाही. लिओ कॅनर ह्या डॉक्टरने १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं, पण मुलांच्या आईवडिलांचा 'थंडपणा'ही त्याने नोंदवला. तिथून पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' ही कल्पना पसरली. आईने माया लावली नाही म्हणून मूल आतल्या आत मिटून गेलं, असा तिचा अर्थ. ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली ह्या धर्तीवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. विचार करा, मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आणि वर सगळे आईलाच म्हणतायत की हे तुझ्यामुळे झालं!

फ्रिथ जिथे शिकत होत्या तिथलं वातावरण वेगळं होतं. त्यांचे मार्गदर्शक बिआटे हर्मेलिन आणि नील ओकॉनर ह्यांनी मुलांना साधे साधे प्रयोग करायला दिले. उदाहरणार्थ, शब्द लक्षात ठेवणं. तुम्हाआम्हाला अर्थपूर्ण वाक्य पटकन लक्षात राहतं, असंबद्ध शब्दांची माळ राहत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांना मात्र वाक्याच्या अर्थाचा तेवढा फायदा होत नव्हता. म्हणजे आईच्या मायेपेक्षा माहिती हाताळण्याच्या पद्धतीतच काहीतरी निराळं होतं. पुढे १९७७ साली त्याच संस्थेतल्या मायकेल रटर आणि सुझन फोलस्टीन ह्यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही नाही. आईवरच्या आरोपाला हा मोठा धक्का होता.

आता परत गोटीकडे. मला हा प्रयोग आवडतो तो त्याच्या टेस्ट डिझाइनसाठी. कुणीही म्हणेल की मुलांना गोष्टच कळली नसेल. म्हणून 'गोटी आता खरी कुठे आहे?' आणि 'आधी कुठे होती?' हे दोन प्रश्नही विचारले होते. ते सगळ्यांना आले. मग कुणी म्हणेल की बुद्धीच कमी असेल. म्हणून डाऊन सिंड्रोम असलेली १४ मुलं घेतली, ज्यांचं मानसिक वय ऑटिझमवाल्या गटापेक्षा कमी होतं. त्यातली १२ पास! म्हणजे अडचण सरसकट बुद्धीची नव्हती, एका विशिष्ट मॉड्यूलची असावी असं दिसत होतं.

पण फ्रिथ ह्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. नुसतं काय जमत नाही ह्यावर बोट ठेवून कसं चालेल? अमिता शाह ह्या संशोधिकेबरोबर त्यांनी १९८३ साली एक उलटा प्रयोग छापला होता. मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधायचा. ऑटिझम असलेली मुलं ह्यात त्याच मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरली. आपण आधी अख्खं चित्र पाहतो, 'अरे ही तर बाबागाडी', आणि त्यातला त्रिकोण आपल्याला दिसेनासा होतो. त्यांना तो दिसतो. १९८९च्या आपल्या पुस्तकात फ्रिथ ह्यांनी ह्याचा सिद्धान्त मांडला. तपशील गोळा करून त्यांचा एक अर्थ लावायची जी ओढ आपल्यात असते, ती ऑटिझममध्ये कमी असते. त्यात तोटा आहे आणि फायदाही आहे.

मग आली मेंदूच्या स्कॅनची पाळी. फुल्विया कास्तेली, फ्रिथ, त्यांचे मेंदूशास्त्रज्ञ पती क्रिस फ्रिथ आणि फ्रान्सेस्का हापे ह्यांनी २००२ साली छापलेल्या प्रयोगात ऑटिझम किंवा ॲस्पर्गर असलेल्या १० हुशार प्रौढांना आणि इतर १० जणांना पडद्यावर हलणारे दोन त्रिकोण दाखवले. एक त्रिकोण दुसऱ्याला फसवतोय, मनवतोय, असं आपल्याला चक्क वाटायला लागतं. तेव्हा आपल्या मेंदूचे तीन भाग जास्त काम करतात: कपाळामागचा मधला भाग, कानाच्या वरच्या बाजूचा भाग आणि कानशिलाच्या आतलं टोक. ऑटिझमवाल्या गटात हे भाग कमी उजळले. डोळ्यांकडून आलेलं चित्र वाचणारा मागचा भाग मात्र दोन्ही गटांत सारखाच चालत होता, फक्त त्याचा पुढच्या भागांशी संपर्क ढिला होता. नेटवर्कवाल्या मित्रांना हे लगेच कळेल. :)

इथवर सगळं छान. पण त्या २० मुलांमधली जी ४ पास झाली, त्यांचं काय? मला वाटतं ह्या गोष्टीतले खरे हीरो तेच. कारण पुढे दिसलं की ऑटिझम असलेले बरेच जण मोठेपणी असली कोडी सोडवतात. २००९ साली आत्सुशी सेन्जू, फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी ॲस्पर्गर असलेल्या प्रौढांच्या नजरेचा माग घेतला. विचारलं की उत्तर बरोबर येत होतं, पण न विचारता त्यांची नजर आपसूक टोपलीकडे जात नव्हती. आपल्याला जे फुकटात मिळतं ते ही माणसं रोज, जाणीवपूर्वक, कष्टाने काढतात. ऑफिसमधली एक मीटिंग संपेपर्यंत किती दमत असतील!

आणि दुसरी बाजूही आलीच. २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या स्वतः ऑटिझम असलेल्या समाजशास्त्रज्ञाने विचारलं की आमच्या मनातलं तुम्हाला तरी कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून आहे. २०२०च्या एका ब्रिटिश प्रयोगात एक गोष्ट कानगोष्टींसारखी माणसामाणसांतून पुढे पाठवली. सगळे ऑटिझमवाले असलेल्या साखळीत ती तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत.

इतिहासानेही फ्रिथ ह्यांच्या कामावर एक सावली टाकली. व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गरचा १९४४चा जर्मन निबंध त्यांनीच १९९१ साली इंग्रजीत आणला. पण २०१८ साली हेरविग चेक ह्या इतिहासकाराने कागदपत्रांतून दाखवलं की ॲस्पर्गरने काही मुलांना श्पीगेलग्रुंडला पाठवलं होतं, जिथे नाझींनी शेकडो अपंग मुलं मारली. 'ॲस्पर्गर' हे निदान अमेरिकन मॅन्युअलमधून २०१३ सालीच वेगळ्या कारणांनी गेलं होतं. निबंधातली निरीक्षणं उरली, त्या नावाचा मान मात्र गेला.

माझ्या नात्यातल्या एका मुलाला काही वर्षांपूर्वी हे निदान मिळालं. घरात पहिलं वाक्य आलं, "आई दिवसभर ऑफिसात, मग असंच होणार." १९७७चा जुळ्यांचा अभ्यास होऊन इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून बेटलहाइमच! त्यात मराठीत शब्द आहे 'स्वमग्नता', म्हणजे स्वतःत रमलेला. मूळ शब्दही ग्रीक 'स्व'वरूनच आलाय, त्यामुळे भाषांतर चोख आहे. पण तो शब्द ऐकला की वाटतं, पोरगं मुद्दाम आपल्याकडे पाठ करून बसलंय. हाच मुलगा परवा मला लोकलच्या सगळ्या स्टेशनांची नावं उलट्या क्रमाने म्हणून दाखवत होता, आणि मधे मी एक चुकीचं म्हटलं तर खदखदून हसला.

असो. तुमच्या घरात, शेजारी, टीममध्ये असं कुणी असेल आणि कुणी आईकडे बोट दाखवलं, तर त्यांना हा लेख पाठवा. निदान जुळ्यांचा आकडा तरी तोंडपाठ ठेवा, वादात फार उपयोगी पडतो.