पैसे आणि वेळ यांचे गणित (प्राथमिक शिक्षण)

पहिली ते पाचवीच्या गणितातील व्यवहाराचा भाग. नाणी-नोटा ओळखणे, मोड देणे-घेणे, रुपये-पैशांची बेरीज-वजाबाकी, घड्याळ वाचणे, कालावधी काढणे आणि दिनदर्शिका पाहणे एवढा त्याचा आवाका. बालभारतीच्या (स्थापना २७ जानेवारी १९६७) पाठ्यपुस्तकांत यांची छोटी प्रकरणे असतात आणि वर्गात ती बहुधा घाईने उरकली जातात. हे बरोबर नाही. मुलाला हातचा खरोखर समजला आहे की तो नुसता सवयीने घेतो, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके साध्या बेरजेत दिसत नाही.

रु. २.४० आणि रु. १.३५ यांची बेरीज रु. ३.७५. हेच आकडे तास-मिनिटांचे असले, तर ७५ मिनिटांतून एक तास बाजूला काढावा लागतो आणि उत्तर येते ४ तास १५ मिनिटे. मूल तिथेही ३.७५ लिहून मोकळे होते, कारण दोन्हीकडे टिंब सारखेच दिसते. वजाबाकीत उसना घेतलेला तास साठ मिनिटांचा असतो, शंभराचा नव्हे. म्हणून प्राथमिक वर्गात वेळेसाठी टिंब न वापरता ‘तास’ आणि ‘मिनिटे’ असे दोन स्वतंत्र रकाने आखणे केव्हाही चांगले. पैशांत टिंब लागतेच. पण पाच रुपये पाच पैसे ५.०५ आणि साडेपाच रुपये ५.५०, हा फरक फळ्यावर पुन्हापुन्हा यायला हवा.

१ एप्रिल १९५७ पूर्वी ही अडचण वेगळ्या रूपात होती. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असल्यामुळे पैला हातचा बारावर येई, आण्याला सोळावर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे उजळणीत असत ते याच हिशेबांसाठी. दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि मुलांचे मोठे ओझे उतरले. पण त्याबरोबर ‘हातचा दहावरच’ ही समजूतही घट्ट झाली, आणि साठाचे घड्याळ एकटे पडले. शिवाय घड्याळ वाचायला अपूर्णांक अजून लागतातच. पावणेतीनला तासकाटा तीनला टेकायला आलेला असतो, तरी लिहायचे असते २:४५.

नाण्यांचीही गोष्ट बदलली आहे. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आठ आण्याचे नाणे कायद्याने चालते, दुकानात चालत नाही. त्यात मोबाइलवर पैसे पाठवण्याची सोय झाल्याने मोड मोजून घेण्याचा प्रसंगही कमी झाला. शाळांतले बालबाजार म्हणूनच मोलाचे आहेत. तिथे मुलाच्या हातात खरी शंभराची नोट येते. ३७ रुपयांच्या भाजीवर किती परत द्यायचे, याला उभी मांडणी लागत नाही. सदतिसाला तीन मिळवले की चाळीस, दहा मिळवले की पन्नास, आणखी पन्नास मिळवले की शंभर. परत द्यायचे ६३. कालावधी काढण्याची रीतही हीच, आणि दोन्ही शेजारी-शेजारी शिकवल्या तर एकीचा दुसरीला उपयोग होतो.

बारामती-नीरा रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरसारख्या गावात शाब्दिक उदाहरणे पुस्तकात शोधावी लागत नाहीत. पैसा नाण्यातून गेला तरी दूध संकलनाच्या पावतीवर तो जिवंत आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीज घनपदार्थ), दर, रक्कम असे रकाने तिथे छापून येतात. दर रु. ३४.२० धरला, तर साडेआठ लिटरचे होतात रु. २९०.७०. आठ लिटरचे २७३.६० आणि अर्ध्या लिटरचे १७.१०, असे सुटे करून मूल हा हिशेब तोंडी करू शकते. दहा दिवसांच्या पावत्या जुळवून दुधाचा पगार तपासणे हा तर पाचवीसाठी उत्तम प्रकल्प.

वेळेचा हिशेब पाण्यात आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात उसाला पाणी द्यायला रात्री उठणारी माणसे घराघरांत आहेत. पाणी रात्री साडेदहाला धरले आणि पहाटे सव्वाचारला बंद केले, तर किती वेळ चालले? मूल साडेदहातून सव्वाचार वजा करते आणि सव्वासहा तास सांगते. मध्यरात्री दिवस बदलतो हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. बारापर्यंत दीड तास, पुढे सव्वाचार तास, मिळून पावणेसहा तास. अशी बाराला थांबून मोजणी आधी पक्की व्हावी. २४ ताशी घड्याळ त्यानंतर शिकवावे, म्हणजे २२:३० लिहिताना दहात बारा का मिळवले, हे मुलाला सांगता येते.