नागझिऱ्याचं नाव कोणाचं? जाहिरातीच्या इतिहासातलं एक प्रकरण

विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने इंटरनेटवरच्या जाहिरातींबद्दल काय बोलायचं? पण गेल्या हिवाळ्यात आम्ही फसलो, आणि फसलेला माणूस विचार करायला लागतो.

झालं असं. आम्हा उभयतांना पुन्हा एकदा नागझिऱ्याला जायचं होतं. नातवाने मोबाइलवर 'नागझिरा मुक्काम' असं शोधलं. सर्वांत वर जे नाव आलं त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलंच नाही. फोन लावला, विचारलं, "पिटेझरी गेटपासून किती लांब?" उत्तर आलं, "जवळच आहे, सर." पैसे भरले. प्रत्यक्षात पहाटेच्या थंडीत गेटवर पोचायला पाऊण तास लागला. आणि गेटच्या अगदी अलीकडे एका कौलारू घरावर हाताने रंगवलेली पाटी दिसली: 'राहण्याची व जेवणाची सोय'. ते घर नातवाच्या पडद्यावर कुठेच नव्हतं. का नव्हतं, हा आजचा प्रश्न.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कारखाना उभारला. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. अशा वेळी नुसती पाटी लावून काय उपयोग? १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची, मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारं हे पत्र. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मालाशी संबंध नसलेली माणसंही ते वाचू लागली. आज याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात. किर्लोस्करवाडीला ते शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं: आधी वाचकाला काहीतरी द्यावं, मग विकावं.

आता नागझिरा पाहा. अभयारण्य झालं १९७० साली, तेव्हा गोंदिया जिल्हाही नव्हता, सगळा भंडाराच. व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' नावाचं पुस्तकच लिहिलं. ते वाचून पुण्या-मुंबईची माणसं नकाशात साकोली शोधू लागली. आम्हीही त्यांतलेच. ती जाहिरात होती का? परिणामाने होती, हेतूने नव्हती. माडगूळकरांना कोणाची खोली भरायची नव्हती, म्हणून तर आम्ही विश्वास ठेवला.

यानंतरची पायरी अमेरिकेतली आहे. १९९८ मध्ये गोटू नावाच्या कंपनीने शोधशब्दांचा लिलाव मांडला. जो जास्त बोली लावेल त्याचं नाव वर, आणि पैसे मात्र कोणी क्लिक केलं तरच. गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'अ‍ॅडवर्ड्स' आणलं, २००२ मध्ये तेही क्लिकच्या लिलावावर आलं, पण एक सुधारणा करून. नुसती बोली नाही, लोक ती जाहिरात कितपत उघडतात हेही मोजायचं. म्हणजे निरुपयोगी जाहिरात नुसत्या पैशाच्या जोरावर वर राहू नये. कल्पना वाईट नव्हती.

पण गावाच्या बाजूने हिशोब करून बघा. समजा, एका क्लिकला वीस रुपये पडतात आणि पन्नास जणांनी पाहिल्यावर एक जण खोली घेतो. म्हणजे एका पाहुण्यामागे हजार रुपये जाहिरातीलाच गेले. शहरातल्या दलालाकडे दहा जंगलांतल्या खोल्या असतात, तो हे सोसतो. पिटेझरीच्या माणसाकडे दोन खोल्या. त्याला स्वतःच्याच गावाच्या नावावर बोली लावावी लागते, आणि तो हरतो. नाव नागझिऱ्याचं, पण ते दाखवण्याचं भाडं दुसऱ्याच कोणाला जातं.

मग म्हणतात, "सोशल मीडिया आहे ना, फुकट!" फुकट काहीच नसतं, फक्त किंमत दुसरा मोजतो. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ आठवा. 'शोले'वरून त्याचं नाव पडलं. २०१३ मध्ये तो इथून उमरेड-कऱ्हांडलाला गेला. त्याच वर्षी इकडे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, पण लोक गेले जयच्या मागे. फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे फोटो फिरले, उमरेडचं पर्यटन फुललं. एप्रिल २०१६ मध्ये जय नाहीसा झाला. तो फोटोंमुळे गेला असं आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण सवय मात्र लागून राहिली. ३१ डिसेंबर २०२४ ला त्याच जंगलात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं. त्याचे व्हिडिओ पसरले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कांट म्हणायचा, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. वाघाबद्दल तो असं म्हणाला नसता. आपण म्हणायला हरकत नाही.

समोर या भागातली तरुण मुलं बसली आहेत, म्हणून व्यवहाराचंही बोलतो. नुसत्या 'नागझिरा' शब्दावर बोली लावू नका, तिथे मोठे बसलेत. 'पिटेझरी गेटजवळ घरगुती मुक्काम' असा अरुंद शब्दसमूह घ्या. तो कमी लोक शोधतात, पण शोधणारा येण्याच्या बेतात असतो. जाहिरात नागपूर, रायपूर अशा निवडक शहरांपुरतीच दाखवा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा जाहिरातही बंद. त्याआधी गुगलच्या नकाशावर आपलं घर नोंदवा, त्याला पैसे पडत नाहीत. गेटपासूनचं अंतर खरं लिहा. आणि वाघ आज कुठे दिसला हे कधीही टाकू नका. मोहफुलं कधी पडतात, तळ्यावर कोणते पक्षी उतरले, हे लिहा. 'खबर'ने तेच केलं होतं.

परतताना आम्ही त्या कौलारू घरी जेवलो. भात, वरण, लाखोरीची भाजी. घरधन्याला विचारलं, "लोक कसे येतात?" तो म्हणाला, "आधी आलेला सांगते, मंग दुसरा येते." नातवाने जेवण होईपर्यंत त्याचं घर नकाशावर चढवलं. पहिला अभिप्राय आम्ही लिहिला. अंतर आमच्या गाडीच्या मीटरवर मोजून घातलं.

प्रश्न असतील तर विचारा.