वैद्य एकत्र कां आले? : नाशिक येथील १९०७ च्या संमेलनाविषयीं टिपण

वैद्यमंडळींनीं संघ कां स्थापिले, या प्रश्नास 'सरकारी कायद्याच्या धाकानें' असें उत्तर पुष्कळदां मिळतें. तें कालक्रमास धरून नाहीं. वैद्यांचें पहिलें अखिल भारतीय संमेलन इ. स. १९०७ मध्यें नाशिक क्षेत्रीं शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकारानें भरलें. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांच्या नोंदणीचा मुंबई इलाख्यांतील कायदा १९१२ चा. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा तर १९३८ चा. मागाहून झालेला कायदा आधींच्या संमेलनाचें कारण कसा ठरावा?

आमच्या मतें कारणें दोन. पहिलें बाह्य. १८३५ सालीं कलकत्त्याच्या संस्कृत पाठशाळेंतील वैद्यकाचा वर्ग बंद होऊन राजाश्रय पाश्चात्त्य वैद्यकाकडे वळला. १८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. तेथें अनेक अध्यापक एका छपराखालीं, परीक्षा सर्वांस एक. वैद्याजवळ प्रमाण काय तें वडिलांचें नांव व गांवाचा विश्वास. अनोळखी शहरांत तेवढें पुरेना.

दुसरें कारण आंतरिक, व आम्हांस तेंच अधिक महत्त्वाचें वाटतें. योग, मात्रा, अनुपान हीं घराण्याची ठेव. ती मोडी बाडांत राही व बापाकडून लेकाकडे जाई. लेक नसला किंवा त्यानें दुसरी चाकरी धरली, कीं ठेव बुडे. या बंदिस्तपणास उतारा चरकसंहितेंतच आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत तद्विद्यसंभाषा, म्हणजे वैद्यानें वैद्याशीं करावयाची चर्चा, वर्णिली आहे. संधाय म्हणजे सलोख्याची व विगृह्य म्हणजे चुरशीची, असे तिचे दोन प्रकार. प्रसन्न गुरु जें गुह्य एकनिष्ठ शिष्यास क्रमाक्रमानें देतो, तें जिंकण्याच्या भरांत वादी एकदम बोलून टाकतो. म्हणून सुज्ञ या संभाषेची प्रशंसा करितात, असें तेथें मार्मिकपणें म्हटलें आहे. पदेशास्त्र्यांनीं मराठींत 'आर्यभिषक्' लिहून वैद्यकाचा ठेवा छापील पानावर आणला, त्यांतही हीच दृष्टि दिसते.

सारांश, संघानें वैद्यास पुढें कायद्याचें संरक्षण मिळविण्यास बळ दिलें असेल. परंतु संघाचें मूळ ज्ञानाच्या देवघेवींत आहे. या मताची कसोटी संग्राहकांच्या हातीं आहे. वैद्यघराण्यांचीं बाडें पोथ्यांच्या मानानें क्षुद्र समजून टाकून दिलीं जातात. तीं जमवून एकाच योगाचे निरनिराळ्या घराण्यांतील पाठ ताडून पहावे. पाठ जुळले, तर संमेलनापूर्वींही देवघेव होती असें मानावें लागेल. न जुळले, तर नाशिकच्या मेळाव्यानें केवढी भिंत पाडावयास घेतली हें कळेल. वाळवीनें निकाल लावण्यापूर्वीं हें काम व्हावें.