अक्षरे जागच्या जागी होती

दिवाळीपूर्वी घर झाडताना माणूस एखादी नको ती वस्तू रद्दीत घालतो आणि पुढे वर्षानुवर्षे तिची आठवण काढीत बसतो. आमच्या घरातून २००७ साली अशीच एक वही गेली. माझ्या आजीचे माहेर कोयनाकाठचे. धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. अखेरच्या वर्षांत म्हातारी त्याच गावाविषयी बोलत असे. कोणाच्या अंगणात कोणते झाड होते, देवाची पालखी कोणत्या वाटेने जाई, हे सारे मी वहीत टिपून घेई. तिच्यामागे ती एकतीस टिपणे मी माझ्या ब्लॉगवर चढवली. आता ती सुखरूप आहेत अशा समजुतीने वही रद्दीच्या गठ्ठ्यात गेली, तेव्हा मी हूं की चूं केले नाही.

त्याच सुटीत मला दुसरी बुद्धी सुचली. ब्लॉग ज्या आज्ञावलीवर चाले, तिची नवी आवृत्ती आली होती. म्हटले, घराला रंग दिला, ब्लॉगलाही देऊ. सूचनांची पहिलीच ओळ होती, 'आधी सर्व मजकुराची प्रत काढून ठेवा.' प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा, असे वर्गात पोरांना बजावणारा मी, पहिली ओळ सोडून दुसरीपासून कामाला लागलो.

तासाभराने ब्लॉग उघडला तो आजीचे गाव दुसऱ्यांदा बुडालेले! मराठीचे एक अक्षर शिल्लक नाही. जेथे 'म' होता, तेथे तीन चिन्हे उभी: डोक्यावर तिरकी रेघ ओढलेला लहान रोमन 'ए', मग चार काट्यांचे एक वर्तुळ, आणि मग गोलात कोंडलेला 'आर'. प्रत्येक अक्षराची हीच तऱ्हा.

घाबरलेला माणूस हात जोडून बसत नाही, तो काहीतरी करतो. मी पालखीचे टिपण उघडले, तो कचरा पुसला आणि आठवेल तसा मजकूर पुन्हा टाइप केला. साठवून पाहतो तो प्रश्नचिन्हांच्या रांगाच रांगा! तेव्हा मात्र हातपाय गळाले. पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला.

"सर, आता कशालाही हात लावू नका," तो म्हणाला. "काल सगळं नीट होतं ना? मग कालपासून आजपर्यंत काय बदललंत, तेवढंच सांगा."

विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपाशीच सुटला. तरी त्या रात्री त्याने जे सांगितले, आणि पुढे मी जे वाचून काढले, ते एका लहानशा इतिहासासारखे आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देण्याची युनिकोड नावाची व्यवस्था निघाली. १९९१ साली तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. हे क्रमांक साठवायचे कसे, याची रीत १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तीच यूटीएफ-८. तिच्यात साध्या रोमन अक्षराला एक घर लागते आणि देवनागरीला तीन. माझ्या 'म'च्या जागी तीन चिन्हे का उभी होती, याचे उत्तर येथे आहे.

पुढे २००३ च्या मे महिन्यात मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी, मिशेल वाल्द्रिगी यांच्या 'बी-टू' या जुन्या आज्ञावलीवरून, वर्डप्रेस तयार केले. मजकूर ठेवायला कोठार घेतले ते मायएसक्यूएल. ते मूळ स्वीडनचे. कोणी काही सांगितले नाही, तर आत आलेला मजकूर पश्चिम युरोपच्या लॅटिन लिपीतला आहे, असे ते धरून चाले. अक्षरांचा अनुक्रमही स्वीडिश!

तरीही आमचे मराठी इतके दिवस नीट कसे दिसत होते? पुडक्यात मराठी आणि वर चिठ्ठी लॅटिनची. परंतु ठेवणारा आणि काढणारा दोघेही पुडके न उघडता जसेच्या तसे हाती देत. दोन चुका एकमेकींना झाकून सुखाने नांदत होत्या.

२००७ च्या मे महिन्यात वर्डप्रेसची २.२ ही आवृत्ती आली. तिच्या जुळणीच्या नमुना-फाइलीत एक नवी ओळ होती. कोठाराशी यापुढे यूटीएफ-८ मध्येच बोलायचे, हा तिचा अर्थ. ओळ अगदी योग्य होती. ज्यांनी जुनी फाइल तशीच ठेवली, त्यांना काही झाले नाही. ज्यांनी नवा नमुना उचलून त्यात आपला जुना पासवर्ड भरला, त्यांच्या कोठाराने मात्र प्रथमच वरची चिठ्ठी वाचली, पुडके उघडले आणि आतल्या एकेका घराचे लॅटिन अक्षर समजून इमानाने भाषांतर करून दिले. इंग्रजी ब्लॉगवर एखादे अवतरणचिन्ह बिघडे. मराठी, जपानी, रशियन लिहिणाऱ्यांची पानेच्या पाने वाहून गेली. माझ्या हातून झाले ते नेमके हेच: फाइल बदलताना मी नमुना उचलला. दोष असलाच तर माझा.

विद्यार्थ्याने ती एक ओळ पुसायला लावली. पान पुन्हा उघडले, आणि आजीचे अंगण, झाड, वाट, सारे जागच्या जागी! अक्षरे कोठे गेलीच नव्हती, वाचणारा चुकला होता. कायमचा उपाय त्याने पुढे सवडीने केला. आधी प्रत काढली. मग त्या मजकुराला 'ही कोणतीच लिपी नाही, नुसती घरे आहेत' असे ठरवले. आणि मगच त्यावर यूटीएफ-८ ची खरी चिठ्ठी लावली. मधली पायरी गाळून थेट रूपांतराचा हुकूम दिला असता, तर तो कचराच कोठारात पक्का झाला असता.

इतिहास वाचणाऱ्याला हे नवे वाटू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात मोडी चालू होती. ती शाळेतून गेली, आणि घरोघरचे कागद एका पिढीत नुसत्या रेघोट्या होऊन बसले. कागद तेच, शाई तीच, वाचणारा तेवढा बदलला. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. अशा कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. न कळणारी वस्तू निरुपयोगी समजून लोक ती जाळीत किंवा वाण्याला विकीत, त्याआधी तेथे पोचणे हे त्यांचे मोठे काम.

त्याच मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण तिच्या अक्षराला चार घरे लागतात, आणि मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ-८' कोठारात तीनच घरांची सोय होती. चार घरांचे अक्षर आले, की तेथून पुढचा मजकूरच तुटून जाण्याचा धोका असे. एप्रिल २०१५ मधील वर्डप्रेसच्या ४.२ आवृत्तीने ही सोय चार घरांची केली. बहुतेकांना तिचा आनंद झाला तो हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांसाठी. माझ्या मनात मात्र मोडी आली.

आता दर दिवाळीला, फराळाच्या आधी, मी ब्लॉगची प्रत काढतो आणि एक कागदावर छापून कपाटात ठेवतो. तीत टिपणे तीस आहेत. एकतिसावे परत आले नाही. जे मी हात न लावता सोडले, ते सगळे वाचले. जे घाईने दुरुस्त करायला गेलो, ते प्रश्नचिन्हेच राहिले. लॅटिनच्या कोठारात देवनागरी मावेना, म्हणून त्याने प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह ठेवले होते. त्यातून मूळ अक्षर काढण्याचा उपाय कोणापाशीच नाही.

ते टिपण मी पुढे तिसऱ्यांदा लिहिले, या वेळी वहीत. पालखी निघायची वेळ आठवली, भोई आठवले, वाटही आठवली. ती कोणाच्या दारी थांबे, एवढे तेवढे आठवत नाही. आणि विचारायला आता आजी नाही.